कुंकू लावलेली हार्डडिस्क

आमच्याकडे दसऱ्याला घरातलं एकही हत्यार पूजेवाचून राहत नाही. कोयता, विळा, कुदळ, मोटारसायकल, बायकोची शिलाई मशीन, सगळं आई ओळीनं मांडायची. त्या वर्षी ती मला म्हणाली, "तुझी ती काळी डबी पन आन."

काळी डबी म्हणजे माझी बाहेरून वायरीनं जोडायची हार्डडिस्क. मला हसू आलं. "आये, ती काय नांगर हाय?"

"तिच्यात घरातलं लगीन हाय ना? मंग आन."

लग्न माझ्या मुलाचं, काही वर्षांपूर्वी झालेलं. फोटोवाल्यानं दिलेलं सगळं चित्रीकरण त्या डिस्कवर होतं. आईनं कोयत्याच्या पात्याला कुंकू लावलं, मोटारसायकलच्या दिव्याला लावलं, मशीनच्या सुईला लावलं. जे ज्या जागेनं काम करतं, तिथंच कुंकू लावायचं, ही तिची रीत. डिस्क हातात घेऊन तिनं उलटीसुलटी केली आणि विचारलं, "ही काम कुठनं करते?"

वायर घुसते ती बारीक फट मीच तिला दाखवली. तिनं ओल्या कुंकवाचं बोट तिथं टेकवलं, वर अक्षता दाबल्या आणि हात जोडले. संध्याकाळी मी डिस्क पिशवीत घालून कपाटात ठेवली.

त्याच थंडीत आई गेली.

वर्षश्राद्ध उरकल्यावर बहिणीचा फोन आला. ती मुरबाडला दिलेली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. "आयेचं हळदीचं गाणं तुझ्याकडं हाय ना रे? पोरीच्या हळदीला तेच म्हणायचंय. मला चाल येते, शब्द येत नाय." शब्द कोणालाच येत नव्हते. आईबरोबर म्हणणाऱ्या बायका तिच्या आधीच गेल्या होत्या. फोटोवाल्यानं त्याच्याकडची प्रत पुसून टाकली होती. राहिली ती माझी डिस्क.

मी फुशारकीनं म्हणालो, "आज पाठवतो."

डिस्क कॉम्प्युटरला लावली. दिवा लागला आणि विझला. पडद्यावर सूचना आली, जोडलेलं उपकरण ओळखता आलं नाही. मागच्या पोर्टला लावून पाहिली. वायर बदलली. गावच्या शाळेतल्या कॉम्प्युटरवर नेऊन पाहिली. माझ्या नाकावर राग असतोच, त्यात हे यंत्र. दोनदा मी टेबलावर मूठ आपटली. डिस्कच्या फटीच्या कडेला आईच्या बोटाचा तांबडा डाग होता. तो मला रोज दिसत होता. तिची खूण म्हणून मी तो पुसला नाही.

मग आवाज सुरू झाले. काही जोडलं की कॉम्प्युटर एक चढता सूर काढतो, सुटलं की उतरता. डिस्क तशीच लावून आम्ही दुपारी जेवायला बसलो, तर आतल्या खोलीतून चढता सूर आला. मी भाताचा हात घेऊन धावलो. पोचेपर्यंत उतरता आला. पडद्यावर काही नाही. पुन्हा ताटावर बसलो, पुन्हा तेच. कोणीतरी उंबऱ्यापर्यंत यावं आणि आत न येताच परत फिरावं, तसं चाललं होतं. आई आजारपणात अशीच करायची. माझ्या खोलीच्या दारापर्यंत यायची, मी कामात आहे हे बघून मागे वळायची.

बायको हळूच म्हणाली, "सासूबाई आल्यात वाटतं."

मी तिच्यावर खेकसलो. खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती. पुढचे चार दिवस मी त्या खोलीत एकटा बसलो नाही.

शेवटी किन्हवलीवरून जाणारी एसटी पकडून मुरबाड गाठलं. बहीण स्टँडवरच उभी होती. बाजारात माझ्याच वयाचा एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आहे, त्याच्याकडे गेलो. मी केलेले सगळे उपाय त्याला घडाघडा सांगितले. त्यानं निम्मेच ऐकले, डिस्क उजेडात धरली आणि डोळ्याला भिंग लावलं.

"दादा, काखेत कळसा नि गावाला वळसा. आत कुंकू हाय. सुकून दगड झालंय. तांदळाचा दाना पन दिसतोय."

वायर कधी आतल्या पत्र्यांना टेकत होती, कधी नाही. सूर त्याचेच होते. एवढं कळल्यावर भीती जायला हवी होती, ती गेली नाही.

"कोनी लावलं?"

"आईनं. ती आता नाय."

त्याचा हात थांबला. "मंग काढू ना?"

मी बहिणीकडे बघितलं. तिनं मान डोलावली. त्यानं स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस टाचणीला गुंडाळून आत फिरवला. कापूस लाल झाला. दुसरा लाल झाला. तिसरा गुलाबी निघाला. लाल बोळे मी कागदात गुंडाळून खिशात घातले.

डिस्क लगेच उघडली. बहिणीला स्टुलावर बसवून त्यानं हळदीची फाइल लावली.

मांडवात आई वाटी घेऊन उभी होती. डोक्यावर पदर, बोटं पिवळी.

"उंबराची मेढ रोविली दारी गो,
हळद चढली, नवरा दिसे भारी गो..."

बहीण पाकिटाच्या पाठीवर शब्द लिहून घेत होती. आईनं तिसऱ्या ओळीसाठी श्वास घेतला. तेवढ्यात कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एक चिडका आवाज आला, "आये, पुरे आता. लोकं खोळंबलीत. डीजे लाव रे."

आवाज माझा होता.

आईनं एकदा आवाजाकडे बघितलं, पदर सारखा केला आणि वाटी घेऊन बाजूला झाली. मग गाण्याचा दणदणाट. तिचं गाणं शेवटी शेवटी डीजेवाल्यानं तोडलं, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो, आणि माझा त्यावर विश्वासही होता.

"पुढं कर ना," बहीण म्हणाली.

"पुढं नाय," दुरुस्तीवाला म्हणाला.

तिनं पेनाचं टोपण लावलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

भाचीच्या हळदीला तिनं डीजे ठेवलाच नाही. बायकांनी त्या दोनच ओळी धरल्या. संपल्या की पुन्हा पहिलीपासून सुरू करायच्या. मी मांडवाच्या खांबाजवळ, त्या मेढीजवळ उभा होतो. दुसरी ओळ संपून पहिली सुरू व्हायच्या आधी बायका श्वास घ्यायच्या, तेवढा वेळ मांडव गप्प असायचा. दर वेळी तिथं मला तो आवाज ऐकू यायचा, आये, पुरे आता.