लाल पुस्तकाची पानं

नात वकिलीचं शिकत होती तेव्हा तिच्या एका पुस्तकाची पानं बदलायचं काम माझ्याकडे होतं. ते मी एकदा मुद्दाम केलं नाही.

इथे जर्मनीत कायद्याची पदवी घेतली म्हणजे वकील होता येत नाही. पुढे दोन वर्षं सरकारी उमेदवारी करावी लागते, तिला रेफरेंडारिआट म्हणतात. काही महिने न्यायाधीशाच्या हाताखाली, काही सरकारी वकिलाकडे, काही एखाद्या वकिलाच्या कचेरीत. त्यातच मोठी लेखी परीक्षा. नापास झालं तर आणखी एकदाच बसू देतात.

परीक्षेला कायद्यांचं एक लाल, विटेएवढं जाड पुस्तक न्यायचं असतं. ते शिवलेलं नसतं, कड्यांत सुटी पानं अडकवलेली असतात. कायदा बदलला की टपालाने नव्या पानांचं पुडकं येतं. सोबत यादी. डावीकडे काढायच्या पानांचे आकडे, उजवीकडे घालायच्या. नातीला याचा भारी कंटाळा. मी चौथी पास. जर्मन येत नाही, आकडे येतात.

"आजी, तूच कर ना. माझ्याकडून गोंधळ होतो," ती म्हणायची.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एक पान काढायचे, एक घालायचे. कागद कांद्याच्या सालीसारखा पातळ. काढलेल्या पानांवर मी चकल्या निथळायला ठेवायचे.

"अहो आई, शाई लागते त्याला," सून म्हणायची.

"जुना कायदा खाऊन कोणी मरत नाही."

परीक्षेला दोन महिने असताना मुलाच्या कंपनीतलं एक पुण्याचं कुटुंब जेवायला आलं. त्यांच्यासमोर मी म्हणाले, "सत्तावीस पूर्ण झाली, अजून परीक्षाच चालल्यात." नात जर्मनमध्ये काहीतरी बोलली आणि सगळे हसले. पाहुणे गेल्यावर मी सुनेला विचारलं. ती आधी टाळत होती. मग म्हणाली, "मनावर घेऊ नका. चौथी शिकलेल्या आजीला परीक्षेतलं काय कळणार, असं म्हणाली. गंमत केली तिनं."

त्याच आठवड्यात पुडकं आलं. मी ते न फोडता खणात चादरींच्या खाली सरकवलं. विचारायला येऊ दे, मग बघू. ती आली नाही. आजीनं केलं असणार, हे तिनं धरूनच चाललं होतं. परीक्षेच्या सकाळी तिनं पुस्तक बॅगेत भरलं. मी तिच्या हातावर दही-साखर ठेवली आणि गप्प राहिले. तोंडावर बोलणारी म्हणून मी सगळ्या नातेवाइकांत बदनाम आहे.

ती थोडक्यात नापास झाली.

पुढचं पुडकं आलं तेव्हा ती स्वतःच माझ्याशेजारी येऊन बसली. यादीत काढायला सांगितलेलं पान पुस्तकात सापडेना; ते मागच्या पुडक्यातून आलेलं असायला हवं होतं. तिनं मागचं-पुढचं चाळलं, पुन्हा यादी पाहिली. मी उठले, खणातलं पुडकं आणून टेबलावर ठेवलं.

तिनं त्यावरची टपालाची तारीख वाचली.

"यामुळे गेली का परीक्षा?" मी विचारलं.

"एका पेपरात जुनं कलम लिहिलं मी. पण एवढ्यानंच गेली, असं सांगता येत नाही."

"मग बोल की मला."

"काय बोलू, आजी? पुस्तक माझं होतं. तपासायचं काम माझं."

तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. आता वकील आहे, जवळच त्सुफेनहाउझेनला वेगळी राहते. रविवारी येते, माझ्याशी मराठीत बोलते, नीट बोलते. पण त्या दिवसापासून, इथे राहत होती तोवर, पुडकं आलं की ते माझ्या हातातून घ्यायची, "डांके, आजी" असे जर्मनमध्ये आभार मानायची आणि आपल्या खोलीत जायची.

चकल्या आता मी विकतच्या टिपकागदावर निथळत ठेवते. तेल तो जास्त चांगलं टिपतो.