कोकमासह पावडर

सगळी चाळ मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागत होती, तेव्हा मी फक्त चिमूटभर मीठ मागत होतो.

नुकताच विषमज्वरातून उठलो होतो. आतडी नाजूक झाली आहेत म्हणून डॉक्टरांनी भात, मासे, तिखट, आंबट सगळं बंद केलं होतं. त्याऐवजी डब्यातली दुधाची पौष्टिक पावडर गरम पाण्यात कालवून प्यायची. सकाळी गोड, दुपारी गोड, रात्री पुन्हा तेच गोड. ती बनवणाऱ्याच्या घरात मीठ नावाची वस्तूच नसावी. लालबागच्या आमच्या चाळीत शेजारी सुके बोंबील भाजले की मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. (वास भिंतीकडूनच यायचा, पण दुसऱ्या बाजूला डबा दिसायचा.)

रविवारी दुपारी डॉक्टर तपासायला येणार होते. प्रकृती सुधारलेली दिसली तर भात-मासे सुरू, नाहीतर डबा पुढे चालू. माझा सगळा जीव त्या रविवारात अडकला होता.

रविवारी सकाळी आईने पेला पुढे केला, तेव्हा मी पडल्या पडल्या घोषणा दिली, "कोकमासह पावडर मिळालीच पाहिजे."

आईने पेल्यात निरखून पाहिलं. "रंग तर नारळाच्या रसासारखोच हा," ती म्हणाली. "मगे सोलकढी करूक काय झाला?"

पांढरं काही दिसलं की त्यात कोकम पिळायचं, हा विचार आमच्या मालवणाबाहेरच्या माणसाला सुचला नसता. तिने कोकमाचं आगळ घातलं, लसूण-मिरची ठेचून घातली, मीठ घातलं. पावडर तिथल्या तिथे फाटली. आईने न डगमगता ती फडक्यातून गाळली आणि गुलाबी पाणी मला दिलं.

चव भयंकर होती. पण खारट होती! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळं मिरचीचं नव्हतं.

एवढ्यात शेजारचे तावडे दारात आले. ते प्रभातफेरीचे पुढारी. घोषणा देऊन देऊन त्यांचा आवाज बसला होता.

"वहिनी, सोलकढीचा वास येतोय. घोटभर द्या की, घसा पार गेलाय."

दारातल्या माणसाला नाही म्हणणं आईला कधी जमलं नाही. तावड्यांनी वाटी तोंडाला लावली आणि जरा विचारात पडले.

"नारळ कुठला हो?"

"गावचो," आई बोलून गेली.

"तरीच. गोडसर लागतोय." मग त्यांनी गॅलरीतून खाली हाक मारली, "अरे, या रे सगळे वर. वहिनींकडे सोलकढी आहे."

सगळी फेरी जिना चढून वर आली. गावचा नारळ असं बोलून बसल्यामुळे आईला आता माघार घेता येईना. पातेलं संपलं की पुन्हा पावडर, पुन्हा आगळ. शेवटी दुपार होता होता तिने डबा उलटा करून ठोकला. मंडळी तोंड पुसत सभेला गेली आणि दारातून डॉक्टर आत आले.

त्यांनी माझी जीभ पाहिली. ती कोकमाने लालभडक झालेली. गाल पाहिले. ते मिरचीने पेटलेले. मग रिकामा डबा पाहिला.

"वा, रक्त भरतंय," ते खूश होऊन म्हणाले. "आणि अख्खा डबा संपवलास?"

आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. खरं सांगितलं असतं तर मिरचीही बाहेर आली असती.

"हो," मी म्हणालो. "मग आता भात-मासे सुरू करू ना?"

"आत्ताच? अरे, पावडर एवढी मानवली, तर मध्येच कशाला तोडायची? महिनाभर चालू दे. दुप्पट घे."

संध्याकाळी तावड्यांचा आवाज चौकातून थेट माझ्या खाटेपर्यंत येत होता. घसा अगदी खणखणीत सुटला होता. मी भिंतीकडे तोंड करून नव्या डब्यातला गोड पेला संपवला.

पुढे संयुक्त महाराष्ट्र झाला. आजोबा, तुम्ही लढ्यासाठी काय दिलंत, असं नातवंडं विचारतात. मी खरं ते सांगतो. एक डबा पावडर.