दिवाणाला रामराम

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली त्या वर्षी आमच्या गावात सगळ्यांना काही ना काही मिळालं. कुणाच्या नावावर जमीन झाली, कुणाला विहीर मिळाली, बऱ्याच जणांना तोंड फुटलं. झाडूला घोडा मिळाला.

झाडू गावाच्या टोकाला, जंगलाच्या अंगाला राहायचा. बांबू तोडायचा आणि रोवणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत वाकायचा. पोर जगावं म्हणून आईनं असलं नाव ठेवलं होतं. पोर जगलं, पण गावानं नावाला जागून त्याला कोपऱ्यातच ठेवलं. चाळिशी उलटली तरी कुणी त्याला आपणहून रामराम घातल्याचं ऐकिवात नव्हतं.

घोडा केशोराव मालगुजारांचा, नाव दिवाण. केशोराव कायमचे नागपूरला गेले तेव्हा पलंग नेले, हंडे नेले, पोपटाचा रिकामा पिंजरासुद्धा नेला. घोडा मात्र गुरांच्या कोठ्यात बांधलेलाच राहिला. तो उपाशी ओरडत होता आणि मालकाचा माल मालक जाणे म्हणून गाव कानावर हात ठेवून होतं. झाडूनं कोयत्यानं दोर कापला, घोड्याला धानाची तनस घातली, पाणी पाजलं आणि घरी न्यायला निघाला.

पहिल्याच घरासमोर घोडा थांबला. ते घर आमचं. झाडूनं ओढलं, दुर्पतानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मागून ढकललं. घोडा ढिम्म. गलका ऐकून माझा थोरला भाऊ श्यामलाल बाहेर आला. दारात दिवाण दिसला आणि त्याचे हात आपोआप जुळले, कंबर वाकली, तोंडातून निघालं, "रामराम, मालक." घोडा चालू लागला. श्यामलालनं जीभ चावली, पण तोवर सगळ्यांनी ऐकलं होतं.

केशोराव रोज सकाळी घोड्यावरून फेरी मारायचे. ज्याच्याकडे जमीन त्याच्या दारात थांबायचे, तो बाहेर येऊन वाकायचा, रामराम घालायचा, मग पुढे. मालगुजार गेले, फेरी घोड्याच्या पायांत राहिली. दारोदार थांबत, रामराम घेत दिवाण झाडूच्या झोपडीपाशी आला आणि सरळ पुढे गेला. झाडूकडे जमीन नव्हती, तेव्हा त्याच्या रामरामाची मालगुजारांना कधी गरज पडली नव्हती. घोडा झाडूला फरफटत तळ्याला वळसा घालून पुन्हा रिकाम्या कोठ्यात जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी झाडूनं त्याला झोपडीच्या खांबाला बांधलं, तर तो खांब घेऊन गेला. अर्धं छप्परही गेलं.

तिसऱ्या दिवशी केवळरामनं गाव जमवलं. केवळराम म्हणजे स्वराज्य आपल्याच परसात उगवलं असं समजणारा गडी. आता जनावराला वाकायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं आणि झाडूला बजावलं. झाडू एवढंच म्हणाला, "घोड्याले स्वराज्याचं कोन सांगन?"

कुणीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी घोडा सकाळपासून आमच्या दारात उभा राहिला. आमच्या बैलांना बाहेर पडता येईना. अखेर झाडू स्वतःच श्यामलालसमोर वाकला आणि म्हणाला, "रामराम, मालक." दिवाणानं कान हलवले आणि चालू लागला. कोण कोणाला रामराम घालतो याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं, दारात रामराम झाला म्हणजे झालं.

मग रोज सकाळी झाडू घोडा घेऊन प्रत्येक दारी मालक म्हणत फिरू लागला. पिढ्यानपिढ्या कुणी ज्यांना मालक म्हटलं नव्हतं, ती माणसं दाढी करून घरापुढच्या छपरीत बसू लागली. केवळराम तर डोक्याला तेल लावून बसायचा. लाज नावाची चीज आमच्या गावात तशी कमीच.

पण घोडा काही झाडूच्या दारात थांबेना. तेवढ्यात मालगुजारांचं घर गोंदियाच्या एका व्यापाऱ्यानं घेतलं. पाऊस लागण्याआधी कोठ्याच्या छपराचे कवेलू उतरवणार, तोवर घोडा हलवा, नाहीतर कोंडवाड्यात घालतो, असा त्याचा निरोप आला. तिथून तो लिलावात वीटभट्टीवर जाणार हे उघड होतं. घोडा झाडूच्या जिवाचा झाला होता आणि घोड्याला त्याचं घर माहीतच नव्हतं.

मालकपणाची चटक लागलेलं गाव यावेळी मात्र कामाला आलं. सगळे झाडूच्या दारात ओळीनं हात जोडून वाकले. दिवाण आला, एवढी माणसं वाकलेली पाहून थांबला. आणि सगळे एका सुरात म्हणाले, "रामराम, मालक." झाडूला रडू कोसळलं. त्याच्या हातून दोर सुटला. रामराम मिळाला म्हणून घोडा निघून गेला.

दुर्पतानं कपाळाला हात लावला. "अरे, रामराम घेतल्याबिगर तो हालत नाही," ती म्हणाली. "तं मंग देता कायले?"

दुसऱ्या दिवशी गाव पुन्हा वाकलं, पण तोंड मिटून. दिवाण थांबला. वाट पाहू लागला. एकेक जण हळूच सरळ होऊन शेतावर गेला, घोडा उभाच. झाडूनं तिथंच त्याच्यावर छप्पर घातलं. घोड्यानं दार अडवलं म्हणून मागची भिंत फोडून नवं दार केलं. तळ्यावर न्यायचं झालं की तो घोड्याच्या कानात रामराम म्हणायचा, परत आणून दारात वाकून थांबवलं की सारे चिडीचूप. त्या दारात झाडूला रामराम घालायची गावाला बंदी झाली. नवे पाहुणे आले तर दुर्पता लांबूनच त्यांना तोंडावर बोट ठेवून दाखवायची. ज्याला कधी कुणी रामराम घातला नव्हता, त्यानं मिळालेला रामराम घोड्यासाठी सोडून दिला. मला ते फार मोठं वाटतं.

दिवाण सात-आठ वर्षं तसाच वाट पाहत जगला आणि एका उन्हाळ्यात गेला. सगळ्यांनी मिळून त्याला झोपडीमागे पुरलं. परतताना श्यामलाल झाडूच्या दारात थांबला. आता काही हरकत नव्हती. तो नीट वाकला आणि म्हणाला, "रामराम, मालक."

झाडू दचकला. छपराखालच्या रिकाम्या जागेकडे त्यानं पाहिलं.

"हळू बोल ना, भाऊ," तो म्हणाला. "तो जाते."

श्यामलालनं हात जोडलेलेच ठेवले आणि तोंड मिटलं.