दोन चुकांचं वाक्य

सांगलीत आमचा जर्मनचा वर्ग भरायचा. मला कारखान्यातल्या यंत्रांची माहितीपत्रकं वाचायची होती, तर शेजारी बसणाऱ्या मंगलताईंना जर्मनीतल्या इस्पितळात नर्सची नोकरी हवी होती. व्याकरणात त्या फार अडखळायच्या.

एकदा सर म्हणाले, "मी औषध नाकारणारा पेशंट आहे. समजवा मला."

आम्ही एकेकानं उठून पाठ केलेली वाक्यं म्हटली. सर नुसती नकारार्थी मान हलवत राहिले. मंगलताईंनी मात्र खुर्ची पुढे ओढली, सरांच्या अगदी समोर बसल्या आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये हळूच विचारलं, "कुठं दुखतंय तुम्हाला?"

सर चक्क मराठीत म्हणाले, "गुडघा. दोन महिने झाले."

सगळे हसले, सरही हसले. "वाक्यात दोन चुका होत्या," ते म्हणाले, "पण ताई, तुमचं तिकडे काही अडणार नाही."

खरंच अडलं नाही. आता तीन वर्षं झाली, त्या तिकडेच आहेत.

परकी भाषा म्हणजे शब्दांचा साठा, असं मला तोवर वाटायचं. आता वाटतं, समोरच्याला आपल्याशी खरं बोलावंसं वाटलं, की ती भाषा आपल्याला यायला लागली.