संगणक झोपी जाताना मागितलेली जागा

संगणक हायबरनेशनमध्ये जात असताना ड्रायव्हरने, म्हणजे जोडलेले उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामने, मेमरीतली जागा कधी आणि कोणत्या पद्धतीने मागावी? हा प्रश्न मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो. त्याचे उत्तर द्यायची वेळ माझ्यावर बहिणीच्या मुलुंडच्या दवाखान्यात आली.

ती श्रवणचाचणी करते. तिच्या यंत्रातले जुने कार्ड नव्या संगणकावर चालेना, म्हणून त्याचा ड्रायव्हर मी लिहून दिला होता. त्या सकाळी नाहूरचे एक आजोबा चाचणीच्या बंद खोलीत बसले होते. चाचणी अर्ध्यावर आली असताना वायरमन सांगून गेला की इमारतीची वीज थोडा वेळ बंद राहील. मी बहिणीला संगणक हायबरनेट करायला सांगितले. मेमरीतले सगळे डिस्कवर उतरते आणि वीज आली की काम जिथे थांबले तिथूनच सुरू होते, हे आजोबांनाही समजावले.

पडदा काळा झाला, पण संगणक बंद होईना. वीज गेली आणि चाचणीही गेली.

कार्डची स्थिती जपण्यासाठी लागणारी जागा मी कार्ड थांबवण्याच्या क्षणी, नेहमीच्या पद्धतीने मागितली होती. मेमरी भरलेली असेल तर ही पद्धत आतला काही मजकूर डिस्कवर हलवून जागा करते. पण मेमरीची नक्कल काढून होईपर्यंत संगणकाने डिस्क तर आधीच थांबवलेली होती. ड्रायव्हर तिची वाट पाहत राहिला. माझ्या घरच्या संगणकावर मेमरी नेहमी मोकळी असे. भरलेल्या मेमरीवर मी तपासलेच नव्हते.

मी हे सांगितल्यावर बहीण म्हणाली, "दादा, घरी पाणी जायच्या आधी पिंप भरून ठेवतोस ना? मग इथे नळ गेल्यावर बादली का धरलीस रे?"

तेवढ्यात आजोबा बाहेर आले. "माझंच काहीतरी चुकलं असेल. परत पहिल्यापासून बसू का?"

"चूक माझी आहे, आजोबा," मी म्हणालो. त्यांना ऐकू गेले नाही. तेच वाक्य मला ओरडून सांगावे लागले, आणि बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकले.

आता हायबरनेशनची पूर्वसूचना मिळताच, सर्व काही चालू असतानाच, मी ती जागा घेऊन ठेवतो आणि संगणक जागा झाल्यावर सोडतो. ऐन वेळी मागावीच लागली, तर डिस्कला हात न लावणारी पद्धत निवडतो. ती नकार देऊ शकते, म्हणून नकाराचीही सोय करतो. तरी माझ्या शब्दावर विसंबू नका. आपल्या प्रणालीचे नियम वाचा आणि मेमरी भरलेली असताना संगणक झोपवून स्वतः तपासून पाहा.