खुरसाची रेषा

लिंडाबाईंच्या वर्गात हाताने मारलेली रेषा चालत नसे. पट्टी विसरलेल्या पोराला त्या शेजारच्या वर्गात मागायला पिटाळत आणि तोवर तास थांबवून ठेवत. ‘आलेख म्हणजे रांगोळी नव्हे,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मालवणजवळच्या त्या हायस्कुलात निम्मी पोरं मासेमारांची, सकाळी जाळ्यातले मासे सोडवून शाळेत येणारी. त्यांना एक्स आणि वायशी काय देणंघेणं? पण बाई हट्टी. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. समुद्राकडे तोंड केलेलं घर आणि अंगणातला खुरीस एवढाच त्यांचा संसार. क्रूसाला तिकडे सगळे खुरीसच म्हणतात.

हा चुन्याने रंगवलेला खुरीस बाईंच्या सासऱ्यांनी बांधलेला, पण त्याची खरी गरज होती ती होडीवाल्यांना. किनाऱ्याच्या तोंडाशी पाण्याखाली दोन खडपं, मधून जेमतेम एक वाट. परत येताना खुरीस आणि त्यामागे टेकडीवरच्या देवळाचा कळस एका ओळीत धरायचा आणि सरळ यायचं. खालचा देव ख्रिस्ती, वरचा हिंदू, याचा विचार कोणी केला नव्हता. ओळ जुळली की माणूस घरी पोचायचा.

२००१च्या जानेवारीत रस्ता रुंद झाला आणि अंगणाचा कोपरा त्यात गेला. बाईंनी महादू गवंड्याकडून खुरीस चौथऱ्यासकट उचलून आठ-दहा पावलं दक्षिणेला बसवून घेतला. फादर आले, प्रार्थना झाली, सगळ्या वाडीने केक खाल्ला. होडीवाले तरबेज. त्यांनी ओहोटीला दोन-चार खेपा मारून नवी खूण ठरवून टाकली: आता ओळ जुळवायची नाही, खुरीस कळसाच्या जरा उजवीकडे ठेवायचा. आठवड्याभरात लहान पोरांनाही ते पाठ झालं.

वाडीतलाच होडीवाला गुणाजी तेव्हा गोव्याच्या ट्रॉलरवर होता. शिमग्याला घरी आला. कट्टा गावच्या एसटी थांब्यावर बाई त्याला भेटल्या होत्या. आपल्या सहावीतल्या मुलीची, अक्षदाची, त्याने चौकशी केली. ‘गणितात बरी आसा मा?’ ‘बरी आसा, पण घाई करता.’ तो हसला होता. दुसऱ्या दिवशी आपली जुनी होडी घेऊन एकटाच गेला, आणि तिन्हीसांजेला परतताना दक्षिणेकडच्या खडपावर आपटला. होडीच्या फळ्या सकाळी सापडल्या, तो दोन दिवसांनी.

शिमग्याचे दिवस, त्यामुळे लोकांनी कारण शोधायला फार कष्ट घेतले नाहीत. पिऊन गेला असणार. लहानपणापासूनची वाट शुद्धीतला माणूस कशी चुकेल? ज्यांना एवढं बोलणं जड गेलं ते म्हणाले, खडपावर चाळो आहे, भूत, त्याने ओढला. अक्षदाच्या वाट्याला दोन्ही आलं. भांडणात पोरं तिला बेवड्याची म्हणत, आणि तिन्हीसांजेनंतर तिच्या घरावरून जाताना धावत जात.

बाईंचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. तरी त्या शिमग्यापासून संध्याकाळी ओटीवर बसलं की एक होडी थेट खुरसाच्या रोखाने येताना दिसे. वल्ह्याचा आवाजही येई. खडपाशी आली की नाहीशी होई. बाईंनी मालवणला जाऊन चष्मा बदलून घेतला. नव्या चष्म्यातून होडी जास्त स्पष्ट दिसू लागली.

अक्षदा नववीत गेली तेव्हा रेषीय समीकरणांचे आलेख आले. बाईंनी फळ्यावर एक तिरकी रेषा काढली आणि ती तशीच वर सरकवायला अक्षदाला बोलावलं. मुलीने मोठी लाकडी पट्टी रेषेवर ठेवली आणि घाईत वर ढकलली. खालचं टोक हललंच नाही. वरचं मात्र सरकलं.

‘अगं, रेषा सरकवायची तर सगळी सरकवायची,’ बाई म्हणाल्या. ‘एक टोक जाग्यावर राहिलं की ती सरकत नाही, कलते. बघ, इथे मध्ये दोनच बोटांचा फरक आहे. पण पुढे जाशील तसा तो वाढत जातो, आणि टोकाला...’

पुढचं वाक्य आलंच नाही. हललं नाही ते टोक म्हणजे देऊळ. मधली दोन बोटं म्हणजे खुरीस. आणि पुढे फळ्याच्या कडेला, वीतभर चुकलेल्या जागी, गुणाजी. तो ओळ अचूक जुळवून आला होता. शुद्धीत होता म्हणूनच आपटला. खुरीस हलल्याचं सगळ्या वाडीला ठाऊक होतं आणि प्रत्येकाला वाटलं होतं की दुसऱ्या कोणीतरी त्याला सांगितलं असेल. बाईंनाही तसंच वाटलं असतं. पण एसटी थांब्यावर त्यांच्या डोक्यात तो विषयच आला नव्हता. त्या खुर्चीवर बसल्या.

मग बाईंना ती ओळ जिथे तिथे दिसू लागली. विजेचा खांब आणि त्यामागचा माड, वेदीवरची मेणबत्ती आणि मागची खिडकी, दोन वस्तू एकीमागे एक आल्या की त्या बाजूला सरकून पुन्हा बघत. झोप गेली. शेवटी त्यांनी महादूला निरोप धाडला, खुरीस होता तिथे परत बसवायचा, आणि ते सांगायला त्या गुणाजीच्या बायकोकडे, हौसाबाईकडे गेल्या.

हौसाबाई अंगणात सुके बांगडे पालथे करत होती. बाईंनी सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता.

‘तो पिलेलो नाय होतो, ह्या माका म्हायत होता बाई,’ ती म्हणाली. ‘जाताना माझ्या हातची पेज जेवन गेलो. पण माझा कोण ऐकता?’

‘मी खुरीस परत जाग्यार नेतंय, हौसाबाय. महादूक सांगलंय.’

‘नको.’ हौसाबाई पहिल्यांदाच घाबरलेली दिसली. ‘हात लावू नको त्येका. माझो पोरगो विकी आता दर्यात जाता. तो नये खुणेर शिकलो. एकदा हलयलो तो पुरे झालो.’

बाईंना हे सुचलंच नव्हतं. चूक पुसून पुन्हा काढायची सवय त्यांना फळ्यावर लागली होती. इथे पुसायला काही नव्हतं; सगळी वाडी नव्या रेषेवरून ये-जा करत होती.

‘मग मी काय करू गो?’

‘अक्षदाक सांग. एकटीक नको. सगळ्या पोरांसमोर, फळ्यार.’

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर आलेख काढला नाही, किनारा काढला. देऊळ, जुना खुरीस, नवा खुरीस, दोन खडपं. पट्टी लावून एक रेषा, मग दुसरी. मासेमारांच्या पोरांना समजावून सांगायची गरज पडली नाही. दुसरी रेषा खडपावर गेली तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा, जो बेवड्याची म्हणण्यात पहिला असायचा, खाली बघू लागला. ‘गुणाजी चुकला नव्हता,’ बाई म्हणाल्या. ‘खूण आम्ही हलवली, आणि त्याला सांगितलं नाही.’ अक्षदा उठली, फळ्यापाशी आली, पण रडली नाही. खडपाशी एक लहानशी होडी काढून जागेवर जाऊन बसली. तो फळा बाईंनी आठवडाभर कोणाला पुसू दिला नाही.

बाई २०१०मध्ये निवृत्त झाल्या. अजूनही दिवेलागणीला त्या खुरसापाशी कंदील ठेवतात आणि विकीची होडी आत येईपर्यंत ओटीवर थांबतात. विकी खुरीस बरोबर उजवीकडे ठेवून येतो. त्याच्या मागून ती दुसरी येते, वल्ह्याचा आवाज करत, जुन्या सवयीने ओळ जुळवून. बाई कठड्यापर्यंत जातात आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगतात, ‘गुणाजी, खुरीस हललो हा रे. कळसाच्या उजवीकडे ठेव.’