मुठीची ज्वारी

आमच्या मंडळीतल्या प्रत्येक घरात मुठीचा डबा असतो. दळायला ज्वारी काढली की आधी एक मूठ त्यात टाकायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे डबे चर्चमध्ये एका पोत्यात रिकामे होतात आणि ते पोतं अडचणीतल्या घरी जातं.

त्या वर्षी माझा नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडला आणि अंथरुणाला खिळला. सासूबाई सारख्या म्हणायच्या, "त्याची कृपा पुरंल." ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं. एके दिवशी रागाच्या भरात मी कणगीच्या तळाची किडकी ज्वारी चार मुठी डब्यात टाकली.

"देवाला असलं देत्यात व्हय?" सासूबाई म्हणाल्या.

"त्यानं तरी मला काय निवडून दिलंय?" मी फटकन बोलले.

रविवारी कुणाकडे न बघता मी डबा पोत्यात ओतला. संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब तेच पोतं सायकलवर घेऊन आमच्या दारात उभे. "या महिन्याचं तुमच्याकडं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सूप घेऊन निवडायला बसले. लोकांची ज्वारी टपोरी, स्वच्छ, आणि मधेमधे माझे किडके दाणे. मान वर करायची हिंमत होईना. सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि निवडू लागल्या.

माझा सगळा राग पसाभर निघाला. तो कोंबड्यांना टाकला. बाकीचं पोतं आम्ही दोन महिने खाल्लं.